बिनखिळ्याचा हातोडा

सुताराचा हातोडा रोज सकाळी चहानंतर सुरू व्हायचा तो जेवणाच्या वेळेपर्यंत चालायचा. ठक, ठक, ठक. बेटावरची निम्मी होडकी त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातची. त्यामुळे गल्लीत तो आवाज आला की माणसं समाधानाने म्हणायची, चला, सुतार कामात आहे.

त्याची बायको, जिला सगळं बेट सुतारीण म्हणायचं, ती मात्र तो आवाज ऐकून दात आवळायची. खिळा लाकडात जाताना दर ठोक्याला आवाज बदलतो. आधी टणक असतो, मग भरत जातो, आणि खिळ्याचं डोकं फळीला टेकलं की बसका होतो. हा आवाज सकाळपासून दुपारपर्यंत जसाच्या तसा. घरामागच्या छपराखाली एक जुनं होडकं पालथं पडलं होतं, त्याच्या बुडावर नवरा नुसता हातोडा आपटत बसायचा. होड्या आता पलीकडच्या किनाऱ्यावरून तयार यायच्या, प्लास्टिकच्या, बादल्यांसारख्या. त्यांना सुतार लागत नव्हता.

तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ झाकून बसलेला एकटा सुतारच होता असं थोडंच होतं! जाळीवाला म्हातारा एकच जाळं उसवायचा आणि पुन्हा विणायचा. मासळीचा कारखाना ह्या हंगामात बंद पडला, बायका घरी बसल्या, तरी तिथला पहारेकरी गळ्यात शिट्टी अडकवून रोज फाटकाशी हजर. ह्या बेटावर कुणाला विचारलं, काय करता, तर माणूस आयुष्यभर जे केलं ते सांगायचा. सध्या काय करता हे विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं.

आणि नेमकं तेच विचारायला सरकारने एक बाई पाठवली.

मोजणीवाली बाई आठवड्याच्या लाँचने यायची आणि लाँचमधून उतरताना दरवेळी तिचा चेहरा हिरवा पडलेला असायचा. दारोदार जाऊन ती एकच प्रश्न विचारायची, "गेल्या आठवड्यात तुम्ही एक तास तरी काम केलंत का?"

बेटावरच्या माणसाला ह्याहून मोठा अपमान कुठला? सुतार तर ताडकन उभाच राहिला होता. "एक तास? अहो बाई, माझा दिवस जातो कामात. कान आहेत ना तुम्हाला?"

बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मग सुतारणीकडे वळल्या, पण ती तोंड उघडायच्या आत सासूबाईच कॉटवरून म्हणाल्या, "हिचा हात रिकामा कधी बघितलाय का कुणी? आणि माझंही लिहा. मी धान्य निवडते."

दर घरी हेच. जाळीवाल्याने जाळं दाखवलं, पहारेकऱ्याने शिट्टी वाजवून दाखवली. शिवाय किनाऱ्यावर होडी ओढायची हाक आली की सगळं बेट धावायचं, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळायचा. म्हणजे मोबदल्याचं काम सगळ्यांनीच केलेलं. महिन्याभराने धक्क्यावरच्या वजनघराच्या भिंतीवर कागद लागला. बेकार : शून्य. नोंदलेले कामइच्छुक : शून्य. लोक तो वाचून खूश झाले. होडीवर हाका द्यायचं काम ज्याच्याकडे होतं तो भोंगा तर कागदाखाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "बघा! पलीकडे शहरात पण नाही असं!"

खुशी टिकली ती पुढच्या लाँचपर्यंत. त्या लाँचमधून ठेकेदाराचा माणूस उतरला, फीत लावून धक्का मोजून गेला. समुद्राने धक्क्याची एक बाजू खाल्ली होती, ती नव्याने बांधायची होती. चांगलं दोनेक वर्षांचं काम. जाळीवाल्याने विचारलं, माणसं कधी घेणार? तो म्हणाला, "माणसं आम्ही आणतोय. इथे कोण रिकामं आहे? तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर हात लपवून अवलक्षण झालं होतं.

त्या दिवशी सुतारीण घरी आली आणि तिने नवऱ्यापुढे बहिणीचा विषय काढला. बहीण पलीकडच्या किनाऱ्यावर डबाबंद मासळीच्या कारखान्यात होती. हिच्यासाठी तिने जागा बोलून ठेवली होती. राहायची सोय तिच्याच खोलीत, पण एकटीची.

"वारा पडला की लाँचने जाईन म्हणते," सुतारीण म्हणाली. "आईंना लाँचमध्ये घालता येणार नाही. तुम्ही दोघं इथे राहाल."

सुतार रंध्याचं पातं घासत होता. त्याला धार होतीच, तरी घासत होता.

"जा की," तो म्हणाला. "मी अडवलंय?"

"अडवा ना मग."

त्याने पातं उलटून दुसऱ्या बाजूने घासायला घेतलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडल्या होत्या. सुतारणीला वाटलं, ह्या घरात तीन माणसं आहेत आणि तिघं तीन सोंगं करतायत. तिला स्वतःचीच चीड आली. त्याच बैठकीत तिने ठरवलं की जायचंच असेल तर आधी इथलं दार ठोठावून जायचं.

लाँच आली तशी ती वजनघरात गेली. बेटावर सरकारी टेबल तेवढं एकच, मासळीच्या काट्याशेजारी. बाई तिथेच बसायच्या. धक्क्यावरची झाडून सगळी माणसं तिथेच रेंगाळायची. चोरून करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं त्या जागेत.

"काय गं सुतारणी," भोंगा ओरडला, "वजन करायला आलीस का?"

"हो," ती म्हणाली. "किती हलकी झालेय ते बघायला."

लोक हसले. मग ती बाईंसमोर उभी राहिली. हातात काही नव्हतं, तर हातांचं काय करावं कळेना. बेटावरच्या कारखान्यात दिवसाला टोपल्यांवर टोपल्या मासे साफ करणारे हात ते, बोटांवर सुरीचे बारीक पांढरे वण होते. तिने ते टेबलावर ठेवले.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली. "मला काम नाही."

काट्याचं पारडं तेवढं वाऱ्याने हललं.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे केली. "मागच्या वेळी तुम्ही कामावर आहात असं लिहिलंय."

"ते माझ्या सासूने सांगितलं. आता मी सांगते."

बाईंनी नाव घातलं आणि सगळा नियम समजावून सांगितला. दर आठवड्याला इथे येऊन सही करायची. त्या आठवड्यात मोबदला घेऊन काही केलं असेल तर ती सही धरायची नाही. ठेकेदाराची यादी बंद होईपर्यंत एक टोळी भरेल इतकी स्थानिक नावं असतील तर त्याला तीच घ्यावी लागतात, बाहेरची आणता येत नाहीत.

"आणि टोळीत एक सुतार लागतो," बाई म्हणाल्या. "काँक्रीट ओतायला फळ्यांचे साचे ठोकावे लागतात. स्थानिक सुतार नोंदलेला नसेल तर तो त्याची अख्खी टोळी घेऊन येईल. तुमच्याकडे सुतार आहेत का कुणी?"

मागे कुणीतरी खोकलं. बेटावर सुतार एकच होता, आणि त्याचा हातोडा वजनघरापर्यंत ऐकू येत होता.

घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. सुतार छपराच्या तोंडाशी उभा होता.

"चार लोकांत माझं नाक कापून आलीस."

"माझं नाव लिहून आले. तुमचं कुठे लिहिलंय?"

"बायको काम नाही म्हणून सांगते म्हणजे नवरा काय करतो, हे नाही का लिहिलं गेलं?"

"मग तुम्ही जा आणि तुमचं सांगा," ती म्हणाली. "सुतार पाहिजे त्यांना. तुमच्यावाचून टोळी होत नाही."

"साचे ठोकायला?" तो हसला, पण हसू नाकातच राहिलं. "काँक्रीट वाळलं की फेकून द्यायच्या फळ्या. माझा बाप होड्या बांधायचा. मी होड्या बांधतो."

"कधी बांधलीत शेवटची?"

हा प्रश्न ह्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. सुतार आत गेला आणि हातोडा इतक्या जोराने सुरू झाला की कावळे उडाले. सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, "अगं, त्या होडक्याला भोक पडेल."

दुसऱ्या दिवसापासून सुतारीण घरोघर हिंडली. पहिली लांबी, तिची कारखान्यातली जोडीदारीण, जिचं डोकं प्रत्येक चौकटीला लागायचं. लांबी आधी उखडली. "माझ्या सासरी कळलं तर?"

"सासर समोरच्याच गल्लीत आहे ना? तुझी चूल पेटते की नाही ते त्यांना रोज दिसतंच की."

लांबी डोळे पुसून उठली आणि चौकटीवर डोकं आपटून घेत म्हणाली, "चल, कुठे सही करायची?" तिच्यामागून कारखान्याच्या आणखी बायका आल्या. बायका आल्यावर पुरुषांना घरी बसणं जड झालं. पहारेकरी शिट्टीसकट आला. जाळीवाला आला तो म्हणे फक्त बघायला, आणि बघता बघता त्याने नाव दिलं. भोंग्यानेही दिलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात.

टोळी भरली. सुतार नव्हता. त्याला तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण गल्लीतून जाताना माणसं त्याच्या छपराकडे बघायची आणि पावलं हळू करायची. लांबीला वाटलं, बिचाऱ्याला काहीतरी काम देऊन खूश करावं, म्हणून ती पाय मोडलेलं स्टूल घेऊन आली. सुतारणीने तिला दारातच गाठलं.

"शहाणे, आत्ता त्याला काम देतेस? यादी बंद होईपर्यंत त्याला रिकामा राहू दे!"

लांबी मोडकं स्टूल काखेत मारून परत गेली. तिची पाठ बघून सुतारणीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

शेवटच्या सहीच्या दिवशी वारा सकाळपासूनच तिरका होता. लाँच कशीबशी लागली. बाईंना दोघांनी धरून वजनघरात आणून बसवलं. रांग लागली. सुतारीण रांगेत पुढे होती, आणि घराकडून ठक, ठक येतच होतं. तिने मनाशी पक्कं केलं होतं, सही तर करायची. टोळी नाही झाली तरी सही करायची, आणि मग बहिणीकडे जायचं. डोळ्यांत पाणी येत होतं, ते तिने वाऱ्यावर ढकललं.

तेवढ्यात भोंग्याने समुद्राकडे बघितलं आणि रांगेतूनच त्याचा तो आवाज फुटला. "ओढाऽऽ! मामांची होडी!"

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. बेटावरची सगळ्यात मोठी होडी त्यांची, आणि ती आडवी होऊन खडकांकडे सरकत होती. रांग क्षणात मोडली. सही राहिली बाजूला, बायका ओचे खोचत पळाल्या. दोर पाण्यातून फेकला गेला, जाळीवाल्याने तो छातीवर झेलला आणि पडला. सुतारणीने त्याच्या अंगावरून उडी मारून दोर धरला. पाणी कमरेला. लाट मागे जाताना पायाखालची वाळू उपसून न्यायची. ओला दोर तळहात सोलून काढत होता. भोंगा ताल देत होता, "होऽऽ हप! होऽऽ हप!" आणि मग तिच्या पुढे कुणाची तरी पाठ आली, रुंद, घामाने भिजलेली. हातोडा केव्हा थांबला तिला कळलंच नव्हतं. सुतार दोराच्या पहिल्या टोकाला जाऊन, टाचा रुतवून उभा होता.

होडी वर आली. माणसं वाळूवर धापा टाकत पसरली. मामांनी रीतीप्रमाणे टोपल्या काढल्या आणि वाटे घालायला घेतले. मासळी थोडी होती, तरी त्यांनी कुणाचा वाटा बारीक केला नाही. पहिला वाटा पहिल्या टोकाच्या माणसाचा. सुताराने मासळीची जुडी हातात घेतली. दुसरा त्यांनी सुतारणीपुढे धरला.

तिने हात मागे घेतले.

"मामा, आज नको."

"नको म्हणजे?"

"आज वाटा घेतला तर आम्ही कामावर आहोत असं होतं. मोबदला झाला तो. सही धरत नाहीत."

मामांचा चेहरा आधीच मिठाने पांढरा झालेला, तो आणखी उतरला. "माझ्या दारचा वाटा नाकारतेस? सून आहेस घरातली! माझ्या होडीला हात लावलास आणि रिकामी जाणार? लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याने फुकट राबवलं?"

"शेजार म्हणून ओढली मामा. उद्या पण ओढू. पण धक्क्यावर परकी माणसं आली ना, तर पुढच्या हंगामात ओढायला इथे कुणी उरणार नाही. मीच लाँचमध्ये बसतेय." तिचे ओठ थंडीने कापत होते, पण ती हलली नाही. "तुमच्या पाया पडते. पण वाटा घेणार नाही."

लांबी पुढे आली आणि तिनेही नको म्हणून मान हलवली. मग पहारेकरी. मग वाळूतून उठून बसलेला जाळीवाला. टोपली भरलेली राहिली, आणि मामा तिच्याकडे असे बघत राहिले की जणू त्यांच्या घरात सुतक पडलंय. सुतारणीला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली की क्षणभर तिला वाटलं, मरो ती सही.

सुतार जुडी हातात धरून उभा होता. त्याने कुठे नाव दिलेलं नव्हतं. त्या सगळ्या गर्दीत वाटा घेऊन घरी जायचा हक्क त्याला एकट्याला होता. त्याने बायकोच्या तळहातांकडे बघितलं. दोराने सोललेले, लालभडक. मग तो मामांजवळ गेला, खाली वाकला आणि जुडी टोपलीत ठेवली. फेकली नाही, देवापुढे ठेवावी तशी हलक्या हाताने ठेवली.

"मामा, उधार ठेवा," तो म्हणाला. "धक्का बांधून झाला की घेतो."

आणि तो ओल्या कपड्यांनी वजनघराकडे चालायला लागला. त्याच्यामागून सगळे.

बाईंच्या टेबलापुढे तो उभा राहिला तेव्हा त्याच्या कपड्यांतून पाणी गळून फरशीवर तळं साचलं.

"नाव लिहा," सुतार म्हणाला. "सुतारकाम."

बाईंनी लेखणी उचलली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "गेल्या आठवड्यात एक तास तरी काम केलंत?"

"नाही."

बाई घुटमळल्या. "रागावू नका, पण मला खरं लिहावं लागतं. मी लाँचमधून उतरले तेव्हापासून तुमच्या हातोड्याचा आवाज येत होता. दर आठवड्याला येतो."

सुतारणीने खाली बघितलं. आता हा माणूस वळून घरी जाईल असं तिला वाटलं, आणि गेला तर ती त्याला दोष देणार नव्हती.

सुताराने घसा साफ केला. तो बाईंशी बोलत होता, पण आवाज असा काढला की मागच्या भिंतीपर्यंत जावा.

"आवाज होता," तो म्हणाला. "खिळा नव्हता. दोन वर्षं झाली, खिळा नाही."

कुणी हसलं नाही. जाळीवाला म्हातारा मागून हळूच म्हणाला, "माझंही तेच जाळं आहे रे बाबा." आणि त्याने नाक शिंकरलं.

बाईंनी लिहिलं. सुताराने सही केली, मग सुतारणीने, मग एकेकाने. फरशीभर पाणी झालं. जायच्या आधी बाईंनी भिंतीवरच्या कागदातलं शून्य खोडून तिथे आकडा घातला, आणि लोक तो बघायला पुढे आले. ह्यावेळी कुणी कुणाला बोलवून दाखवला नाही. पण नजर चुकवूनही कुणी गेलं नाही. ज्याने त्याने आकडा वाचला, त्यात आपण आहोत हे बघितलं, आणि मगच घरी गेला.

आठवड्याने लाँचमधून ठेकेदाराचा माणूस आला. बरोबर टोळी नव्हती. वारा पडला की काम सुरू, सुताराने हत्यारं स्वतःची आणायची, एवढा निरोप देऊन गेला. सुतारणीने बहिणीला कळवलं की जागा दुसऱ्या कुणाला दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत हातोडा वाजला नाही. चहाची वेळ टळली, ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी नाही. लांबीने कुंपणावरून मान वर केली. तिला टाच उंचवावी लागत नसे.

"काय गं, आज आवाज नाही? बरं आहे ना त्यांना?"

सुतारणीने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण पायरीवर दात घासत बसलेला सुतारच चूळ टाकून म्हणाला, "बरा आहे मी. काम नाही सध्या." असं म्हणाला, जसं कुणी म्हणेल आज वारा आहे. मग आत वळून म्हणाला, "अगं, माळ्यावर खिळ्यांचा डबा होता बघ बापाच्या वेळचा."

डबा निघाला. आत सगळे वाकडे, जुन्या होड्यांतून उपसलेले खिळे, गंजून एकमेकांना चिकटलेले. तो पायरीवरच बसला. एक खिळा दगडावर धरला, हातोड्याने सरळ केला, बाजूला ठेवला. दुसरा घेतला. आवाज पहिल्यासारखा मोठा नव्हता. बारीक होता, आणि दर ठोक्याला बदलत होता.

सुतारीण हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. खोलीतून, कॉटवरून, सासूबाईंचा आवाज आला.

"हां," त्या म्हणाल्या. "हा खिळा."